मुलांचे हॉस्पिस पाहून यावे

हॉस्पिस म्हटले की आपल्याला माणसाचे शेवटचे दिवस आठवतात. मुलांच्या हॉस्पिसचे काम मात्र त्याच्या कितीतरी आधी सुरू होते. जगातले असे पहिले घर, हेलन हाऊस, १९८२ साली इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड येथे उघडले. हेलन या आजारी मुलीच्या आईवडिलांना विसावा मिळावा म्हणून सिस्टर फ्रान्सिस डॉमिनिका तिला अधूनमधून सांभाळायला नेत. त्यातूनच ही कल्पना निघाली.

बरा न होणारा आजार असलेली मुले येथे काही दिवस राहतात आणि परत घरी जातात. काही मुले अशी वर्षानुवर्षे येतात. वेदना, धाप, झटके यांवर उपचार होतात; खेळही असतात. भावंडांची विचारपूस होते, आईवडिलांना रात्रभर झोप मिळते. मूल गेल्यावरही कुटुंबाला आधार दिला जातो.

काही हॉस्पिस एखाद्या दिवशी सर्वांसाठी दार उघडतात. तेव्हा जरूर जावे. खोल्या, बाग पाहाव्यात, परिचारिकांशी बोलावे. प्रसंग ओढवल्यावर घाबरलेल्या मनाला प्रश्न सुचत नाहीत.

घरी असे मूल असेल तर आपल्या कुपत होलीमच्या डॉक्टरांना आजच विचारा : मुलाचा त्रास कमी करण्यासाठी घरी कोणती मदत मिळेल? मूळ आजारावरचे उपचार चालू असतानाही ही मदत घेता येते.