विळी ओट्यावर चढते तेव्हा

अर्धांगवायूने एक हात गेला की सुरी जवळजवळ निकामी होते; एक हात सुरीला लागतो, दुसरा बटाट्याला. विळीचं गणित उलटं आहे. पातं जागेवर, भाजी फिरते, आणि पाट पायाखाली दाबला की दुसऱ्या हाताचं निम्मं काम पाय करतो. अडतं ते खाली बसता येत नसेल तर. मग विळी ओट्यावर घ्यायची आणि पाट सी-क्लॅम्पने कडेला आवळायचा. कागदावर जमलं. पण चाकाच्या खुर्चीतल्या बाईचे गुडघे ओट्याखालच्या ट्रॉल्यांना अडतात, आणि पातं थेट छातीसमोर येतं. म्हणजे बुटकं टेबल हवं, पात्याला टोपण हवं. सोलताना बटाटा रुतवून ठेवायला पाटात खालून ठोकलेले दोन खिळे हवेत, तेही स्टीलचे, लोखंडी गंजतात. हे सगळं रोज चिरणारीलाच दिसतं. म्हणून पाटाला पहिलं भोक पाडतानाच ती समोर हवी. वस्तू झाल्यावर 'कशी वाटली?' विचारायला नव्हे.

मुंबईत नाहूरच्या आसपास अशा वस्तू घडवण्याची सामग्री तयार आहे. भांडुप-मुलुंड पट्ट्यात वेल्डिंगचे गाळे आहेत, सिएटचा टायर कारखाना इथलाच, आणि बोलता न येणाऱ्या मुलांसाठी चित्रांवरून बोलणारं 'जेलो' ज्या आयआयटीत घडलं, ती पवईही लांब नाही. कौशल्याची वाण नाही. वाण आहे ती घडवणारा आणि वापरणारी एका बाकावर बसण्याची. जयपूर फूट आठवा. परदेशी धर्तीचा कृत्रिम पाय डॉक्टरी मापात चोख होता, पण त्यावर उकिडवं बसता येत नव्हतं, अनवाणी शेतात उतरता येत नव्हतं. डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी 1960च्या दशकाच्या अखेरीस रबराचा पाय बसवला, तो त्या बसण्या-उतरण्यासाठी. याची दुसरी बाजू कुष्ठरुग्णांच्या एमसीआर (मायक्रोसेल्युलर रबर) चपलांत दिसते. बधिर तळव्याला जखम होऊ नये म्हणून मऊ रबर, उपाय अगदी बरोबर. पण काळ्या, ठरावीक घाटाच्या त्या चपला रस्त्यात आजाराचं नाव सांगत, म्हणून लोक त्या घालायचं टाळत. पायाचं माप घेतलं होतं, बघणाऱ्यांच्या नजरेचं नाही.

असा घरगुती खटाटोप धोक्याचा, हा आक्षेप खोटा नाही. जिथे ब्रेक आणि शरीराचा भार येतो, तिथे तज्ज्ञाची सही हवीच. स्कूटरला गॅरेजमध्ये बाजूची चाकं लावून घेणारे वर्षानुवर्षं आहेत. मोटार वाहन कायद्यात 2019च्या दुरुस्तीने अशा बदललेल्या वाहनांची व्याख्या आली. बंदीपेक्षा तपासणी शहाणी. दुसरा आक्षेप असा, की यातून सरकारला अंग काढून घ्यायला वाव मिळतो. मला तो अर्धाच पटतो. साधनांसाठी मदत देणारी केंद्राची 'एडिप' योजना 1981पासून आहे आणि खुर्ची तिनेच द्यावी; पण त्या खुर्चीतून ओट्यापर्यंतचं दीड फूट कुठल्या शिबिरात मोजणार? एकेकासाठी घडवलेली वस्तू हजारोंना पुरत नाही, हेही खरं. चष्म्याचे नंबरही एकेकाचेच असतात, आणि त्याला कोणी जुगाड म्हणत नाही.

आणि तो क्लॅम्प? एका हाताने धरायचा, दुसऱ्याने पिळायचा. चित्र काढणाऱ्याला दोन्ही हात होते. पाट टेबलाला बोल्टने कायमचाच बसवावा लागतो.