फ्लॅशला वेळीच विझवतं कोण?

मोबाइलवर फोटो काढताना लख्खकन चमकणारा दिवा वेळीच विझवतं कोण? अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्सचा 'कर्नल' नावाचा कारभारी असतो. लिनस टोरवाल्ड्सने १९९१मध्ये फिनलंडमध्ये लिहायला घेतलेला. दिव्याने टॉर्चसारखं मंद जळायचं की क्षणभर लख्ख चमकायचं, हे त्याच्यामार्फत ठरतं. चमकताना एलईडीतून इतकी वीज जाते, की ती चालूच राहिली तर दिवाच जायचा! म्हणून मुदत घालतात, तीही मायक्रोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात. शॉर्टसर्किट झालं, दिवा फार तापला, तर फ्लॅश अडून बसू शकतो. प्रोग्रामने तो दोष 'वाचून' घेतला, की शक्य असल्यास चिप पुन्हा कामाला लागते. कर्नलच्या माहितीपत्रकात हे लिहिलेलं आहे म्हणून बरं. नाहीतर धडधाकट फ्लॅश बिघडला समजून दुकान गाठायचं!