वाचलेलं वागण्यात कसं येतं?



बचत गटाच्या बैठकीत आपण हप्ते गोळा करतो, कर्जाचं बोलतो. आज एका वेगळ्या बैठकीची माहिती घेऊ.

ख्रिस्ती मंडळींत पुस्तक वाचणारे गट असतात. आठ-दहा जण आठवड्यातून एकदा कुणाच्या तरी घरी किंवा चर्चमध्ये जमतात. ठरलेलं प्रकरण प्रत्येकानं घरून वाचून आणायचं. मग प्रार्थना, चहा आणि चर्चा. चर्चेचा गाभा एवढाच, की रविवारी चर्चमध्ये म्हणतो ते सोमवारी घरात आणि बाजारात दिसतं का?

अमेरिकेतल्या अशा गटांत खूप वाचलं गेलेलं एक पुस्तक शेन क्लेबोर्न यांचं आहे. ते २००६ साली निघालं. कॉलेजात असताना क्लेबोर्न यांनी कोलकात्याला येऊन मदर तेरेसांच्या संस्थेत शेवटच्या घटका मोजणाऱ्यांची सेवा केली. १९९५ साली फिलाडेल्फिया शहरात काही बेघर कुटुंबं एका बंद पडलेल्या चर्चमध्ये राहायला गेली. त्यांना बाहेर काढायचं ठरलं, तेव्हा क्लेबोर्न आणि त्यांचे सोबती त्यांच्या बाजूनं उभे राहिले. पुढे १९९८ साली या मित्रमंडळींनी त्याच शहरातल्या गरीब वस्तीत घर घेतलं. शेजारच्या पोरांचा अभ्यास घ्यायचा, अन्न वाटून खायचं, पडीक जागेत भाजी लावायची, असं त्यांचं रोजचं जगणं.

पुस्तकातली एक गोष्ट मनाला लागते. स्वतःला येशूचे पक्के अनुयायी म्हणवणाऱ्यांना क्लेबोर्न यांनी विचारलं, येशू गरिबांमध्ये वावरत होता का? जवळपास ८० टक्के लोक ‘हो’ म्हणाले. मग विचारलं, तुम्ही वावरता का? ‘हो’ म्हणणारे २ टक्केसुद्धा नव्हते.

म्हणजे दान देणारे पुष्कळ, पण ज्याला दिलं त्याचं नाव माहीत नाही. म्हणून या लोकांनी दशांशाची जुनी रीत नव्यानं धरली. दशांश म्हणजे मिळकतीचा दहावा भाग. तो एकत्र जमा करायचा आणि ओळखीतल्या अडलेल्या माणसाचं घरभाडं, दवाखाना, विजेचं बिल भागवायचं. हे आपल्या गटासारखंच वाटतं, पण हे कर्ज नाही. व्याज नाही, परतफेड नाही.

सगळ्यांनाच घरदार सोडून वस्तीत जाणं जमत नाही. लेकरं असतात, म्हातारी माणसं असतात. म्हणून चांगल्या गटात चर्चा संपताना प्रत्येक जण झेपेल असं एकच काम सांगतो. एकट्या आजींकडे डबा नेईन, कुणाला दवाखान्यात सोबत करीन. पुढच्या बैठकीत आधी त्याचीच विचारपूस होते, मग पुस्तक उघडतं. त्यामुळे गप्पा नुसत्या हवेत राहत नाहीत.

मैत्रिणींनो, धर्म आपला कुठलाही असो, हा प्रश्न आपल्याही गटाला विचारता येतो. हप्ता झेपत नाही म्हणून गटाबाहेर राहिलेली बाई कोण? ऊसतोडीला जाते म्हणून जिचं नावच घेतलं नाही, ती कोण? येत्या बैठकीत हिशेबाची वही उघडण्याआधी तिचं नाव घेऊ या. तिच्या घरी कोण जाणार, तेही तिथंच ठरवू या.