एसीचं आउटडोअर कुठे बसवायचं? आधी हवा बघा, मग पाइप मोजा

एसी घेताना आपण काय काय बघतो! स्टार किती, इन्व्हर्टर आहे का, मोबाइलवरून चालू होतो का, ईएमआय किती बसेल. दहा-बारा रिव्ह्यू व्हिडिओ बघून होतात. मग इन्स्टॉलेशनवाला घरी येतो आणि विचारतो, "सर, आउटडोअर कुठे लावू?" आपलं उत्तर ठरलेलं: "बघा तुम्हीच, सोयीचं पडेल तिथे." आता त्याला सोयीची जागा म्हणजे जिथे पाइप कमी लागेल आणि अर्धा तास वाचेल ती. पुढची आठ-दहा वर्षं बिल मात्र आपण भरणार आहोत. त्यामुळे हा प्रश्न तो येण्याआधीच सोडवून ठेवलेला बरा.

ती पेटी करते तरी काय?

एसी गारवा "बनवत" नाही. तो खोलीतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. दीड टनाचा एसी पूर्ण जोरात चालतो तेव्हा खोलीतून साधारण ५.२ किलोवॅट उष्णता काढतो आणि स्वतः दीड किलोवॅटच्या आसपास वीज खातो. ती वीजही शेवटी उष्णताच होते. बेरीज करा: जवळपास पावणेसात किलोवॅट. बाथरूममधला गिझर बहुतेक २ किलोवॅटचा असतो. म्हणजे तीन गिझर एकदम चालू केल्यावर होईल त्याहून जास्त उष्णता आउटडोअर बाहेर फेकत असतं.

हे काम सगळं हवेच्या जिवावर चालतं. मागच्या आणि एका बाजूच्या जाळीतून हवा आत ओढली जाते, कॉइलवरून जाताना तापते आणि पुढच्या पंख्यातून बाहेर पडते. पुढे मोकळं असेल तर ती निघून जाते. समोर भिंत, काच किंवा सामान असेल तर तीच गरम हवा वळून परत मागून आत शिरते. मग हवामान ३८ अंशांचं असलं तरी युनिटच्या नाकात जाणारी हवा ४५ च्या पुढची असू शकते.

कडक उन्हात बाइकवर मोबाइल लावून मॅप चालवलाय कधी? फोन तापतो, स्क्रीन मंद होते, चार्जिंग थांबतं. इन्व्हर्टर एसीचंही असंच होतं. दाब आणि तापमान वाढलं की त्याचा बोर्ड कॉम्प्रेसरचा वेग कमी करतो. खोली गार व्हायला वेळ लागतो, आणि जेवढा गारवा मिळतो त्यासाठी वीजही जास्त जाते. साधा एसी असेल तर ओव्हरलोड ट्रिप होऊन सरळ बंद पडतो. दुपारी बंद, रात्री ठीक, असं चक्र दिसलं की मेकॅनिक बऱ्याचदा "गॅस कमी झालाय" म्हणतो. गॅस बंद पाइपात फिरतो. गळती नसेल तर तो कमी होत नाही. गॅस भरून घेण्याआधी एकदा आउटडोअरच्या समोर जाऊन उभे राहा.

कुठे नको

काचेच्या स्लायडिंगने बंद केलेली ड्राय बाल्कनी ही माझ्या मते सगळ्यात वाईट जागा. वाकडमध्ये भाड्याने राहणाऱ्या माझ्या एका मित्राचं आउटडोअर तिथेच होतं, वॉशिंग मशीनच्या शेजारी. स्लायडिंग बंद ठेवून एसी लावला की बाल्कनीची भट्टी व्हायची आणि बेडरूम काही गार होईना. मेकॅनिकने दोनदा सर्व्हिसिंग केलं, फरक शून्य. शेवटी स्टँडवर उचलून पंख्याचं तोंड ग्रिलबाहेर केलं, तेव्हा प्रश्न सुटला.

दुसरी वाईट जागा म्हणजे बिल्डिंगची अरुंद डक्ट. तिथे सहा मजल्यांची आउटडोअर एकमेकांच्या तोंडावर गरम हवा सोडत असतात, आणि वरच्या मजल्यांना खालच्यांची उष्णता फुकट मिळते. शोभेच्या पट्ट्यांमागे युनिट लपवणंही तसंच. पट्ट्या दाट आणि खाली झुकलेल्या असतील तर गरम हवा मागे फिरते.

किती जागा सोडायची ते मॉडेलवर अवलंबून असतं आणि मॅन्युअलच्या पीडीएफमध्ये चित्रासकट दिलेलं असतं. ढोबळ अंदाज हवा असेल तर मागे १५ ते ३० सेंमी, जाळीच्या बाजूला ३० सेंमी, आणि पुढे जमेल तितकं, निदान ६० सेंमी. पाइप जोडतात त्या बाजूला माणसाचा हात आणि पाना फिरेल एवढी जागा ठेवा.

एसी आधीच बसवलेला असेल तर सोपी तपासणी आहे. एक साधा थर्मामीटर मागच्या जाळीजवळ लटकवा, एसी अर्धा तास चालवा, आणि तोच थर्मामीटर मग बाहेर मोकळ्या सावलीत धरा. एक-दोन अंशांचा फरक असेल तर सोडून द्या. सात-आठ अंश असेल तर गरम हवा परत येतेय. (फोनचं वेदर अ‍ॅप इथे चालत नाही, ते तुमच्या बाल्कनीचं तापमान सांगत नाही.)

उन्हाची मात्र लोक जरा जास्तच काळजी करतात. उत्तरेची किंवा पूर्वेची भिंत मिळाली तर उत्तमच, कंपास अ‍ॅपवर बघून घ्या. पण सावलीसाठी युनिट कोंडून ठेवण्यापेक्षा पश्चिमेची मोकळी जागा बरी. वर छोटं पत्र्याचं छप्पर चालेल, बाजू मोकळ्या ठेवून.

पाइपचं म्हणाल तर बऱ्याच एसींसोबत ३ मीटर तांब्याचा पाइप येतो. जास्त लागला की मीटरप्रमाणे पैसे, म्हणून आपण हात आखडतो. दोन मीटर जादा पाइपने मोकळी जागा मिळत असेल तर खर्च करा. कमाल लांबी किती, कुठून पुढे जादा गॅस लागतो, हे मॅन्युअलमध्ये असतं. आउटडोअर वर की खाली याने त्या मर्यादेत काही बिघडत नाही.

हात पोचतो का?

सगळ्यात कमी विचारला जाणारा प्रश्न हाच. पाचव्या मजल्याच्या सपाट भिंतीवर, खिडकीपासून चार फूट लांब युनिट लावलं, हवा एकदम मोकळी. पण वर्षातून एकदा ते धुणार कोण? एक पाय खिडकीत, एक पाय स्टँडवर, कमरेला दोरसुद्धा नाही, असा मेकॅनिक तुम्हीही पाहिला असेल. त्याने "होतं हो सर" म्हटलं तरी ती जागा रद्द करा. एसी लेज, बाल्कनीचा कोपरा किंवा गच्ची, म्हणजे पाय टेकवून काम करता येईल अशी जागा शोधा. बाल्कनीत ठेवताना कठड्याला चिकटवू नका. घरात लहान मूल असेल तर ती आयती पायरी होते.

युनिटचं वजन २५ ते ३५ किलो असतं, वर पंख्याची आणि कॉम्प्रेसरची थरथर. ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्लीच्या करोल बाग भागात वरच्या मजल्यावरून आउटडोअर कोसळलं आणि खाली स्कूटरवर बसलेल्या तरुणाचा जीव गेला. त्यामुळे भिंत कसली आहे हे आधी विचारा. नव्या इमारतींमध्ये सिपोरेक्ससारख्या हलक्या ब्लॉकच्या भिंती असतात आणि त्यात साधा फास्टनर नीट पकड घेत नाही. तिथे आरपार बोल्ट टाका किंवा काँक्रीटच्या बीमवर स्टँड घ्या. मुंबई-रत्नागिरीकडे खाऱ्या हवेने स्टँड आणि कॉइल दोन्ही लवकर खातात. तिथे समुद्राच्या वाऱ्याच्या थेट तोंडावर युनिट नको, आणि अधूनमधून गोड्या पाण्याने धुवून घ्या.

सोसायटीची परवानगी लेखी घ्या, आणि गरम हवा शेजाऱ्याच्या खिडकीत जात नाही ना तेही बघा.

बसवायच्या दिवशी युनिट चढवण्याआधी नुसत्या स्टँडचे आणि बोल्टचे फोटो काढून ठेवा. दरवर्षी पावसाळा संपला की त्याच कोनातून पुन्हा फोटो काढा आणि जुन्याशी ताडून बघा. नट सैल दिसला, गंजाचे पापुद्रे सुटलेले दिसले किंवा भिंतीला तडा दिसला, तर एसी बंद करा, खालची जागा मोकळी ठेवा आणि आधी स्टँड बदलून घ्या.