९४ मुलं गेली... मग कायद्यानं काय केलं?

कुंभकोणमच्या शाळेतली आग काही तासांत विझली, पण खटल्याचा निकाल लागायला दहा वर्षं लागली. फिर्याद, अटक, जामीन, साक्षी, शिक्षा, अपील... सर्वसामान्य माणसाला चक्रावून टाकणारी ही फौजदारी न्यायाची वाट नेमकी कशी असते?

तामिळनाडूतलं कुंभकोणम हे देवळांचं आणि शाळा-कॉलेजांचं गाव. मराठी माणसाला ओळखीच्या तंजावरपासून अवघ्या चाळीसेक किलोमीटरवर, कावेरीच्या काठी वसलेलं. थोर गणिती श्रीनिवास रामानुजन इथल्याच टाऊन हायस्कूलचे विद्यार्थी. इथल्या सरकारी कॉलेजामुळे या गावाला एके काळी 'दक्षिणेचं केंब्रिज' म्हणत. बारा वर्षांतून एकदा येणारा महामहम उत्सव मार्च २००४ मध्ये इथे पार पडला, लाखो भाविक स्नान करून गेले. त्यानंतर चारच महिन्यांनी, १६ जुलै २००४ रोजी, कुंभकोणमचं नाव एका भयंकर कारणानं देशभर पोहोचलं.

श्रीकृष्ण शाळेत त्या शुक्रवारी सकाळी नेहमीसारखे वर्ग भरले होते. मुलांच्या दुपारच्या जेवणाची तयारी सुरू होती. स्वयंपाकघरातली आग गवती छपराला लागली आणि बघता बघता वरच्या मजल्यावरच्या वर्गांवर पसरली. त्या वर्गांनाही झावळ्यांचंच छप्पर होतं. जिना अरुंद. पेटतं छप्पर खाली कोसळलं आणि प्राथमिक शाळेतली ९४ चिमुरडी प्राणाला मुकली.

दोष कुणाचा, हे त्या दिवशी गावातल्या कुणालाही विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं. मग न्यायालयाला ते सांगायला दहा वर्षं का लागली? याचं उत्तर शोधायचं, तर कायद्याची ही वाट पायरी पायरीनं चालून बघायला हवी.

पहिली पायरी : फिर्याद

फौजदारी प्रकरणाची सुरुवात होते ती एफआयआरनं, म्हणजे पोलिसांनी नोंदवलेल्या पहिल्या खबरीनं. खून, दरोडा, सदोष मनुष्यवध यांसारख्या दखलपात्र गुन्ह्यात ही खबर कुणीही देऊ शकतो. ज्याचं नुकसान झालं त्यानंच पोलीस ठाण्यात जायला हवं असं नाही. पोलीस स्वतः होऊनही गुन्हा नोंदवू शकतात. फिर्याद देणाऱ्याला तिची प्रत विनामूल्य मिळते, तो त्याचा हक्कच आहे.

मग सुरू होतो तपास. घटनास्थळाचा पंचनामा, मृतदेहांचा पंचनामा, शवविच्छेदन, साक्षीदारांचे जबाब, कागदपत्रांची जप्ती. इथे एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. पोलिसांपुढे दिलेला जबाब म्हणजे पुरावा नव्हे. त्यावर साक्षीदाराची सहीसुद्धा घेत नाहीत. न्यायालयात शपथेवर, आरोपीसमक्ष जे सांगितलं जातं तोच खरा पुरावा. म्हणूनच पोलिसांना भरभरून सांगणारा साक्षीदार कोर्टात गप्प बसला, की खटला लंगडा पडतो.

अटक झाली म्हणजे शिक्षा नव्हे

एखाद्याला अटक केली, की चोवीस तासांच्या आत त्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावंच लागतं, तसं राज्यघटनाच बजावते. पोलीस कोठडी मिळते ती सगळी मिळून पंधरा दिवसांपर्यंतच. पुढे न्यायालयीन कोठडी, म्हणजे तुरुंग. ठरलेल्या मुदतीत आरोपपत्र आलं नाही, तर आरोपीला जामीन मागण्याचा हक्क मिळतो. ही मुदत साधारण गुन्ह्यात साठ दिवसांची, गंभीर गुन्ह्यात नव्वद दिवसांची.

आरोपी जामिनावर सुटला, की लोक खवळतात. 'पैसे चारून सुटला,' असं म्हणतात. पण जामीन म्हणजे निर्दोष सुटका नव्हे. खटल्याला हजर राहण्याच्या हमीवर मिळालेली ती तात्पुरती मोकळीक असते. गुन्हा सिद्ध होईपर्यंत माणूस निरपराध, हे तत्त्व आपल्याला दुसऱ्याच्या बाबतीत खटकतं. आपल्या घरातल्या कुणावर खोटा आळ आला, तर मात्र तेच आपल्याला तारतं.

कुंभकोणमच्या घटनेनंतर सरकारनं न्यायमूर्ती संपत यांचा चौकशी आयोगही नेमला. आयोग आणि न्यायालय यांत आपली नेहमी गल्लत होते. आयोग कारणं शोधतो, उपाय सुचवतो. तो कुणाला तुरुंगात पाठवू शकत नाही. त्याचा अहवाल हाती आला, म्हणून खटला आपोआप सिद्ध होत नाही.

आईबाप फक्त साक्षीदार

तपास संपला, की पोलीस आरोपपत्र दाखल करतात. गंभीर गुन्हा असेल, तर मॅजिस्ट्रेट तो खटला सत्र न्यायालयाकडे, म्हणजे सेशन्स कोर्टाकडे, पाठवतात. तिथे आरोप निश्चित होतात. ज्याच्याविरुद्ध पुरेसं काही नाही, त्याचं नाव इथेच गळू शकतं. कधी कुणी माफीचा साक्षीदार होतो, कधी सरकारच एखाद्यावरचा खटला मागे घेतं. कुंभकोणम प्रकरणात सुरुवातीला २४ आरोपी होते. तंजावरच्या न्यायालयात खटला अखेर चालला तो २१ जणांवर. आणि साक्षी सुरू व्हायला सप्टेंबर २०१२ उजाडलं!

लेकरू गेलं त्या आईबापांचं या खटल्यात स्थान काय? खटल्याचं नाव असतं 'सरकार विरुद्ध आरोपी'. गुन्हा हा एका कुटुंबाविरुद्ध नव्हे, तर साऱ्या समाजाविरुद्ध घडतो, असं कायदा मानतो. म्हणून खटला चालवतो सरकारी वकील. आईबाप साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येतात, विचारलं तेवढंच सांगतात, उलटतपासणीला तोंड देतात आणि खाली उतरतात. सूड घेण्याचं काम व्यक्तीच्या हातून काढून घेण्यासाठीच ही रचना आहे. ती योग्यही आहे. पण 'माझं मूल गेलं आणि मीच परका?' ही वेदना त्यातून उरतेच.

सारा खेळ एका शब्दाचा

अशा दुर्घटनांच्या खटल्यात सर्वांत मोठी लढाई होते ती कलमांवरून. शाळेच्या संस्थापकाला मुलं मारायची नव्हती, हे उघड आहे. मग गुन्हा कोणता?

त्या वेळच्या भारतीय दंड संहितेत दोन वाटा होत्या. एक कलम ३०४, सदोष मनुष्यवध. आपल्या कृत्यानं माणसं मरू शकतात याची आरोपीला जाणीव होती, असं सिद्ध झालं तर दहा वर्षांपर्यंत कैद. हेतूच होता असं ठरलं, तर जन्मठेपही. दुसरं कलम ३०४-अ, निष्काळजीपणानं मृत्यू. त्यात जास्तीत जास्त दोन वर्षं!

म्हणजे दहा वर्षं की दोन, हे ठरतं 'जाणीव' या एका शब्दावर. भोपाळ वायुकांडाचंच उदाहरण घ्या. डिसेंबर १९८४ मध्ये हजारो माणसं मेली. पण १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं भारतीय अधिकाऱ्यांवरचा आरोप निष्काळजीपणाच्या कलमावर आणला. जून २०१० मध्ये शिक्षा झाली ती दोन वर्षांची. देश हळहळला, पण न्यायाधीशांचे हात कलमानं बांधलेले होते.

जाणीव मात्र डोळ्यांना दिसत नाही. ती कागदांतून शोधावी लागते. परवानगी कुणी दिली? तपासणी कुणी केली? इमारत ठीक असल्याचा दाखला कुणी लिहिला? वर गवताचं छप्पर आहे, हे कुणी पाहिलं आणि पाहूनही सही केली? कुंभकोणमच्या आरोपींत म्हणूनच संस्थाचालकांबरोबर मुख्याध्यापिका, जेवण बनवणारे कर्मचारी, शिक्षण खात्याचे आणि नगरपालिकेचे अधिकारी, अभियंता असे सगळे होते. प्रत्येकाचा वाटा वेगळा सिद्ध करायचा. त्यासाठी दोनशेहून अधिक साक्षीदार तपासले गेले.

निकाल... आणि त्यानंतर

३० जुलै २०१४ रोजी तंजावरच्या सत्र न्यायालयानं निकाल दिला. दहा जण दोषी, अकरा जण निर्दोष. संस्थापकाला जन्मठेप. दोषींमध्ये शिक्षण खात्यातली माणसंही होती. सुटलेल्यांत काही शिक्षिका होत्या, तसेच नगरपालिकेचे अधिकारीही. अकरा सुटले म्हणून पालकांचा संताप झाला. पण फौजदारी न्यायाची कसोटी कडक असते. वाजवी संशयाला जागा उरता कामा नये. संशय उरला, तर फायदा आरोपीचा. 'निर्दोष' या शब्दाचा अर्थ 'यानं काहीच केलं नाही' असा नेहमीच नसतो. कित्येकदा तो 'सिद्ध झालं नाही' एवढाच असतो.

प्रकरण इथेही थांबलं नाही. सत्र न्यायालयाच्या निकालावर उच्च न्यायालयात अपील करण्याचा आरोपीला हक्क आहे. तिथे सारा पुरावा पुन्हा तपासला जातो. ऑगस्ट २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं संस्थापकाची जन्मठेप कमी करून, भोगला तेवढाच तुरुंगवास पुरेसा मानला. इतर काही आरोपींना निर्दोष ठरवलं. आगीला तोवर तेरा वर्षं झाली होती. जी मुलं त्या दिवशी वाचली, ती एव्हाना तरुण झाली होती.

आज काय बदललंय?

कुंभकोणमची आग लागली तेव्हा आरोपी सुटला तर पीडितांना स्वतःहून अपील करण्याचा हक्क नव्हता. तो ३१ डिसेंबर २००९ पासून मिळाला. आरोपी निर्दोष सुटला, हलक्या कलमाखाली दोषी ठरला किंवा नुकसानभरपाई अपुरी मिळाली, तर आता पीडित किंवा त्याचे वारस अपील करू शकतात.

१ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि फौजदारी प्रक्रियेचा कायदाही बदलला. त्यातल्या काही गोष्टी प्रत्येक घरात माहीत असायला हव्यात :

- गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, कोणत्याही पोलीस ठाण्यात फिर्याद देता येते. 'आमची हद्द नाही' असं सांगून परत पाठवता येत नाही.
- इलेक्ट्रॉनिक मार्गानंही खबर देता येते. मात्र तीन दिवसांत तिच्यावर सही करायला हवी.
- तपास कुठवर आला, हे पोलिसांनी फिर्यादीला किंवा पीडिताला नव्वद दिवसांच्या आत कळवायचं असतं.
- सरकारला खटला मागे घ्यायचा असेल, तर न्यायालयानं आधी पीडिताचं म्हणणं ऐकायला हवं.
- निष्काळजीपणानं मृत्यू घडवल्यास शिक्षा आता दोनऐवजी पाच वर्षांपर्यंत होऊ शकते.

अर्थात जुन्या गुन्ह्याला नवी वाढीव शिक्षा लावता येत नाही. गुन्हा घडला त्या दिवशी कायदा जेवढी शिक्षा सांगत होता तेवढीच द्यायची, हाही घटनेचाच दंडक.

आगीनंतर नव्हे, आगीआधी

कुंभकोणमच्या आगीनंतर एका नागरिकानं सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली. तिचा निकाल १३ एप्रिल २००९ रोजी लागला. मुलांना सुरक्षित शाळेत शिकायला मिळणं हा त्यांच्या शिक्षणाच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालयानं सांगितलं आणि देशभरातल्या शाळांना आगीपासून बचावाची व्यवस्था व मजबूत इमारतीची अट घातली. या याचिकेत ना कुणी आरोपी होता, ना कुणाला शिक्षा झाली. पण त्या ९४ मुलांच्या नावानं मिळालेला हा न्याय कदाचित सर्वांत दूर पोहोचणारा ठरला.

फौजदारी कायद्याला स्वतःची मर्यादा आहे. तो नेहमी घटना घडून गेल्यावर येतो. कोण चुकलं, किती चुकलं, ते शोधतो, तोलतो, कधी शिक्षा देतो, कधी सोडतो. गवती छप्पर तो आधी उतरवू शकत नाही. ते काम तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याचं आहे, शाळा चालवणाऱ्याचं आहे आणि थोडंसं तुमचं-आमचंही. मुलाचं नाव घालताना आपण फी विचारतो, निकालाचे टक्के विचारतो. बाहेर पडायचे जिने किती, दरवाजे उघडे असतात का, स्वयंपाक कुठे होतो, आग विझवायची साधनं चालू आहेत का, हे किती जण विचारतात?

दर १६ जुलैला कुंभकोणममध्ये पालक आपल्या मुलांच्या स्मरणार्थ एकत्र येतात, फुलं वाहतात, दिवे लावतात. तंजावर आणि मद्रासच्या न्यायालयांतलं कामकाज केव्हाच आटोपलं. या आईबापांच्या घरात मात्र मूल आजही पाच-सात वर्षांचंच आहे.