मुंग्या किती जातींच्या?

लेकरांनो, तुम्हाला कुणी विचारलं, "मुंग्या किती प्रकारच्या?" तर तुम्ही चटकन सांगाल, "काळ्या, लाल आणि मुंगळे. झाल्या तीन!" पण जगात आजवर मुंग्यांच्या १४ हजारांहून जास्त जाती शास्त्रज्ञांनी ओळखून त्यांना नावे दिली आहेत. एकट्या आपल्या भारतात आठशेच्या वर जाती आहेत. अंटार्क्टिका, ग्रीनलंड, आइसलंड हे थंडगार मुलूख सोडले, तर मुंगी नाही असा देश सापडणे कठीण. जगात एकूण मुंग्या किती, याचा अंदाज २०२२ साली शास्त्रज्ञांनी काढला. पाटीवर २० लिहा आणि पुढे १५ शून्ये द्या. इतक्या!

आधी मुंगी ओळखायची कशी ते पाहू. मुंगीला सहा पाय असतात, मिशा कोपरासारख्या वाकलेल्या असतात आणि कंबर अगदी बारीक असते. त्या कमरेवर एक किंवा दोन गाठी असतात. मुंगळ्याला एक गाठ, घरातल्या बऱ्याच लाल मुंग्यांना दोन. भिंग असेल तर पाहा बरं! वाळवीला ही बारीक कंबर नसते, मिशाही सरळ असतात. वाळवीला पांढरी मुंगी म्हणतात खरे, पण ती मुंगी नव्हेच. ती झुरळाच्या नात्यातली, आणि मुंगी गांधीलमाशीच्या नात्यातली. मातीचं उंच वारूळही वाळवीचंच काम, बरं का!

आता आपल्या शिवारात चला. बाभळीच्या खोडावर मोठे काळे मुंगळे वर-खाली करताना दिसतात. फांदीवर रस शोषणारे बारीक किडे असतात. ते गोड चिकटा सोडतात आणि मुंगळे तो चाटतात. आपण गाय पाळून दूध काढतो, तसाच हा प्रकार. मुंगळ्याला नांगी नसते. तो जबड्याने चावतो आणि त्यावर आम्ल सोडतो, म्हणून चुरचुरते. झोंबणाऱ्या लाल अग्निमुंगीला मात्र नांगी असते. ही मुंगी मूळची अमेरिकेतली. माणसांच्या मालाबरोबर ती जगभर पसरली.

माळावर एखाद्या बिळाभोवती भुसकटाचे गोल कडे दिसले, तर समजा की तिथे धान्य साठवणाऱ्या मुंग्या आहेत. त्या गवताचे बी आत नेतात, सोलतात आणि फोलपट बाहेर टाकतात. अगदी आपल्या खळ्यासारखं! एके काळी युरोपातल्या मोठमोठ्या पंडितांना हे खरे वाटत नव्हते. पण १८२९ साली पुण्यात कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने कवायतीच्या मैदानाजवळ गवताच्या बियांचे लहान लहान ढीग पाहिले. पावसाने कोठारातले बी भिजले होते आणि उघडीप पडताच मुंग्यांनी ते वाळवायला वर आणले होते. त्याने ते लिहून ठेवले. नीट पाहिलं आणि लिहून ठेवलं, की साधी गोष्टसुद्धा शास्त्राच्या कामी येते.

दुसऱ्या देशांतल्या मुंग्या तर नवलाच्या आहेत. दक्षिण अमेरिकेत पाने कापणाऱ्या मुंग्या आहेत. त्या पाने खात नाहीत, तर त्यांचा चोथा करून त्यावर बुरशीचे पीक घेतात आणि ती बुरशी खातात. ऑस्ट्रेलियात काही मुंग्या पोटात मध साठवून बिळात लटकून राहतात, जिवंत रांजणच! सहाराच्या वाळवंटातली एक मुंगी पावले मोजून घरी परतते. शास्त्रज्ञांनी २००६ साली अशा मुंग्यांच्या पायांना बारीक काड्या चिकटवून पाय लांब केले, तर त्या बिळाच्या पुढे निघून गेल्या! पाने जोडून झाडावर घर करणाऱ्या लाल मुंग्या आपल्या कोकणात आहेत. तिथे त्यांना उंबील म्हणतात. चीनमध्ये अशाच मुंग्या सोळाशेहून जास्त वर्षांपूर्वीपासून संत्र्याच्या बागेत किडी मारण्यासाठी सोडत असत.

मग मुंगी शेतकऱ्याची मित्र की शत्रू? खरे सांगायचे तर दोन्ही. ती पेरलेले बी पळवते, पिकावरच्या माव्याची राखण करते. हे नुकसानच. पण तीच वाळवी आणि अळ्यांची अंडी खाते, मेलेले किडे उचलून रान साफ ठेवते. तिच्या बिळांमुळे माती भुसभुशीत होते आणि पावसाचे पाणी आत मुरते. आपल्या धाराशिव जिल्ह्यात पाऊस बेताचा. इथे जिरलेला थेंब न् थेंब मोलाचा. म्हणून घरात मुंग्या झाल्या तर साखरेचा डबा घट्ट लावा, सांडलेलं पुसून घ्या. पण माळावरच्या बिळात रॉकेल ओतणे, काडी खुपसणे हे खेळ करू नका. त्या बिळात एक राणी असते. ती मेली, की सारं घर हळूहळू संपतं. प्रयोगशाळेत जपलेली एक राणी २८ वर्षे जगली होती. म्हणजे एखादं बीळ तुमच्या वयापेक्षाही जुनं असू शकतं!

आता एक प्रयोग. मुंग्यांची रांग चाललेली असेल तिथे जमिनीवर बोटाने आडवी रेघ पुसा. मुंग्या थबकतील, घोटाळतील. कारण त्या वासाच्या वाटेने चालतात आणि तुम्ही वाट पुसलेली असते. थोड्या वेळाने वाट पुन्हा जुळते. किती वेळ लागला, ते मोजा.

आणि शेवटी हे काम करा. शाळेच्या आवारात आठ दिवस मुंग्या पाहा. रंग, लांबी, कमरेच्या गाठी, कुठे दिसली, काय नेत होती, हे वहीत लिहा. मारू नका, नुसतं पाहा. तीनपेक्षा जास्त जाती सापडतील. ज्याची यादी सर्वांत लांब, त्याने ती या भिंतीवर लावावी.