बी वेगळी, पाला वेगळा

पहाटे धारेच्या वेळी आंबोणाचं घमेलं पुढ्यात सरकवलं की गाय आधी त्यात नाक खुपसते, दोनदा फुंकर टाकते आणि मगच तोंड घालते. पेंडीला कुबट वास असेल तर ती मान फिरवते. जाणता दूधवाला अशी पेंड तिला पुन्हा दाखवत नाही, कारण बुरशी लागलेल्या पेंडीतल्या अफलाटॉक्सिनचा अंश दुधात येतो हे त्याला माहीत असतं. गव्हाणीत जे पडतं त्यातलं काही ना काही चरवीत उतरतंच.

हेम्पचा विषय निघाला की हा साधा नियम आपण विसरतो. कुणी ‘गांजा खाल्लेल्या गाईचं दूध’ म्हणून घाबरवतो, तर कुणी सोयाबीन पेंडीला स्वस्त पर्याय मिळाला म्हणून हरखून जातो. दोघेही एकच प्रश्न विचारायचा राहतात: झाडाचा कोणता भाग? उत्तर त्या प्रश्नात आहे, म्हणून एकेक गैरसमज नीट पाहू.

गैरसमज १: हेम्प म्हणजे आपला ताग किंवा अंबाडीच.

वस्तुस्थिती: दोरखंडाला धागा देणाऱ्या अनेक झाडांना इंग्रजीत ‘हेम्प’ हे नाव चिकटलं. ताग झाला ‘सन हेम्प’, अंबाडी ‘डेक्कन हेम्प’ आणि घायपात ‘सिसल हेम्प’. खरं हेम्प म्हणजे कॅनाबिस सटायव्हा. भांग आणि गांजा ज्या झाडापासून होतात, तेच हे झाड. फक्त त्याचे नशेचं द्रव्य कमी असलेले वाण. अंबाडीचं पान गांजाच्या पानासारखं दिसतं आणि तिच्या शास्त्रीय नावातही कॅनाबिनस आहे, पण ती भेंडी-जास्वंदीच्या कुळातली. तिची भाजी आपण निर्धास्त खातो. ताग शेंगवर्गीय आहे आणि त्याच्या बियांत यकृताला घातक अल्कलॉइडं असतात. म्हणून ‘हेम्पची पेंड चांगली’ असं कुठे वाचून कुणी तागाचं बी आंबोणात भरडून घातलं, तर ते जनावराच्या जिवावर बेतू शकतं. हा नावाचा घोळ आधी निस्तरायला हवा.

गैरसमज २: हेम्पचा प्रत्येक भाग नशा आणतो.

वस्तुस्थिती: नशा आणणारं टीएचसी हे द्रव्य मादी फुलोऱ्यावरच्या आणि त्यालगतच्या पानांवरच्या बारीक ग्रंथींमधल्या चिकट राळेत असतं. बी दाताखाली फोडून पाहिली तर आत पांढरट मऊ गर आणि तेल असतं, राळ नसते. बियांत टीएचसी सापडतं ते मळणीच्या वेळी टरफलाला चिकटलेल्या पाल्या-फुलांच्या कणांमुळे, म्हणून बी किती स्वच्छ केली याला फार महत्त्व. उत्तराखंडात भांगेच्या बियांची चटणी पिढ्यान्‌पिढ्या जेवणात आहे. भारताच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानेही २०२१ मध्ये हेम्पची बी, बियांचं तेल आणि पीठ यांना माणसाच्या अन्नात मान्यता दिली. त्यासाठी टीएचसीची मर्यादा घातली: बियांत किलोमागे ५ मिलिग्रॅम, तेलात १० मिलिग्रॅम.

गैरसमज ३: औद्योगिक हेम्पमध्ये टीएचसी नगण्य असतं, तेव्हा अख्खं झाड मुरघास करून घालावं.

वस्तुस्थिती: बहुतेक देशांत औद्योगिक हेम्पची व्याख्या ०.३ टक्के टीएचसीवर बेतलेली आहे. आकडा छोटा वाटतो, पण हिशेब करा. ०.३ टक्के म्हणजे एका किलो कोरड्या पाल्यात ३ ग्रॅम, अर्थात ३००० मिलिग्रॅम. आणि गाय खाते ती किलोंनी.

जर्मनीच्या संघीय जोखीम मूल्यांकन संस्थेने दहा दुभत्या होल्स्टीन गाईंवर केलेला प्रयोग २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. आधी या गाईंना टीएचसी अगदी कमी असलेला अख्ख्या झाडाचा मुरघास दिला, तेव्हा फारसा फरक पडला नाही. मग पानं, फुलं आणि बियांचा मुरघास दिला. जास्त मात्रा मिळालेल्या गाईंचं खाणं घटलं आणि दूध उतरलं. श्वास आणि नाडी मंदावली. त्या जांभया देऊ लागल्या, लाळ गाळू लागल्या, डोळ्याचा आतला पडदा लाल झाला, काहींची चाल अडखळली. दावणीला अशी गाय दिसली तर आपण धावत डॉक्टर बोलावू. आणि तिच्या दुधात टीएचसी उतरलेलं होतं: खाल्लेल्यापैकी सुमारे ०.२ टक्के, दुधात किलोमागे जास्तीत जास्त ३१६ मायक्रोग्रॅम.

ही गोष्ट फक्त प्रयोगशाळेतली नाही. पाकिस्तानच्या उत्तर भागात रानभांग चरणाऱ्या म्हशींचं दूध पिणाऱ्या लहान मुलांच्या लघवीत टीएचसीचे अवशेष मिळाल्याचं १९९० मध्येच प्रसिद्ध झालं होतं.

गैरसमज ४: असं दूध प्यायलं की झिंग येते, झिंग आली नाही तर दूध निर्धोक.

वस्तुस्थिती: दोन्ही चूक. मोठ्या माणसावर टीएचसीचा परिणाम जाणवू लागतो तो अडीच मिलिग्रॅमच्या आसपास. जर्मन प्रयोगातलं सर्वांत जास्त टीएचसीचं दूध घेतलं, तरी तेवढ्यासाठी जवळपास आठ लिटर प्यावं लागेल. पण सुरक्षिततेची रेषा त्याच्या बरीच खाली आखतात, आणि ते योग्यच आहे. युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने ती वजनाच्या किलोमागे १ मायक्रोग्रॅमवर ठेवली आहे. पंधरा किलोच्या पोराला ही मर्यादा १५ मायक्रोग्रॅम, आणि त्या दुधाच्या एका पेल्यात ६० हून जास्त. चौपटीहून अधिक. घरात सगळ्यात जास्त दूध कोण पितं, ते प्रत्येक आईला माहीत आहे.

गैरसमज ५: दूध उकळलं, तूप कढवलं की दोष निघून जातो.

वस्तुस्थिती: टीएचसी पाण्यात विरघळत नाही, स्निग्धांशात विरघळतं. महाशिवरात्रीची भांगेची ठंडाई दुधात घोटतात, त्यामागे हेच आहे. उकळल्याने ते नाहीसं होत नाही. तूप करताना तर पाणी जातं आणि स्निग्धांश उरतो. गाईच्या पंचवीसेक लिटर दुधातला स्निग्धांश किलोभर तुपात येतो, आणि त्यात विरघळलेलंही त्याच्याबरोबर एकवटतं.

गैरसमज ६: हेम्पने जनावर शांत होतं आणि शांत जनावर जास्त दूध देतं.

वस्तुस्थिती: पहिल्या अर्ध्या भागाला थोडा आधार आहे. अमेरिकेच्या कॅन्सस राज्य विद्यापीठात होल्स्टीन नरांना चौदा दिवस थोडंसं औद्योगिक हेम्प दिलं, तेव्हा ते जास्त वेळ बसून राहिले आणि रक्तातलं ताणाचं संप्रेरक घटलं. पण तिथे दुधाचा प्रश्नच नव्हता. दुभत्या गाईंचं काय होतं, ते जर्मन प्रयोगाने दाखवलं आहे.

पेंडीचं वेगळं. स्वीडनमध्ये गाईंच्या खाद्यात बियांची पेंड टप्प्याटप्प्याने वाढवली. एका मर्यादेपर्यंत दूध वाढलं. सर्वांत चांगला परिणाम किलोभर कोरड्या खाद्यात १४३ ग्रॅम पेंड असताना मिळाला. त्यापुढे दूध पुन्हा उतरलं. शिवाय पेंड वाढत गेली तशी दुधातली फॅट आणि प्रथिनांची टक्केवारी घटत गेली. डेअरीत फॅटवर भाव घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं.

गैरसमज ७: हेम्प घातलं की अंडी-मटण बिघडणारच.

वस्तुस्थिती: बी आणि पेंडीपुरतं बोलायचं तर चित्र आश्वासक आहे. बियांत सुमारे २५ टक्के प्रथिनं आणि ३० टक्क्यांहून जास्त तेल असतं, आणि त्या तेलात ओमेगा-३ चांगलं असतं. कोंबड्यांना बी खाऊ घातली की अंड्याच्या बलकात ओमेगा-३ वाढतं, हे कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाच्या अभ्यासांतून स्पष्ट झालं. शिजवलेल्या अंड्यांच्या वासाचवीत बिघाड आढळला नाही. अमेरिकेने २०२४ मध्ये अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यात २० टक्क्यांपर्यंत हेम्प पेंडीची वाट मोकळी केली. नॉर्थ डकोटामध्ये कालवडींना १११ दिवस, खाद्याच्या २० टक्के, हेम्पची पेंड दिली. नशेच्या कुळातली द्रव्यं अल्प प्रमाणात सापडली ती चरबीत. ती चरबी खाऊन मर्यादा ओलांडणं माणसाला अतिशय अवघड, असा संशोधकांचा निष्कर्ष होता.

मग आपण काय करावं?

भारतात कॅनाबिसची लागवड परवान्याशिवाय करता येत नाही आणि महाराष्ट्रात भांगेवरही दारूबंदी कायद्याचं नियंत्रण आहे. म्हणून बांधावर उगवलेलं झाड वैरणीत टाकणं, हा पर्यायच नाही. उद्या कुणी हेम्पची पेंड म्हणून पोतं दारात आणलं, तर त्याला तीन गोष्टी विचाराव्यात. ही फक्त बियांची आहे, की तेल वा औषध काढून उरलेला पाला-फुलोरा त्यात मिसळला आहे? टीएचसी तपासल्याचा अहवाल कुठे आहे? आणि हे खाद्य विकायला परवानगी कुणाची? यातल्या एका जरी गोष्टीचं धड उत्तर मिळालं नाही, तर पोतं परत पाठवावं.

पेंडीतला कुबटपणा गाईला वासावरून कळतो. पोत्यात बी आहे की पाला, हे तिला विचारता येत नाही. ते तिच्यासाठी, आणि तिच्या दुधाचा पेला ज्याच्या हातात जाणार त्या पोरासाठी, आपणच विचारायचं.